आठ घरांची मंगळवार-डायरी

सकाळी ८. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी काउंटीत ‘रॅपअराउंड मिलवॉकी’ नावाची सरकारी योजना आहे. गंभीर मानसिक त्रास असलेल्या मुलांसाठी ती चालते. तिथल्या एखाद्या केअर कोऑर्डिनेटरचा, म्हणजे कुटुंबासाठी सगळ्या सेवा जुळवून आणणाऱ्या कार्यकर्तीचा, दिवस बहुधा फोनवरच उजाडतो. तिच्याकडे साधारण आठच कुटुंबं. पण एकेका घरामागे शाळा, कोर्ट, बालकल्याण खातं, डॉक्टर असा लवाजमा. रात्री एका मुलानं आदळआपट केली; आईनं पोलिसांना न बोलावता चोवीस तास चालणाऱ्या फिरत्या तातडी पथकाला बोलावलं. निम्मी लढाई इथेच जिंकली.

९.३०. बालन्यायालय. मुलाला ठेवायचं कुठे, हा प्रश्न. एके काळी अशा मुलांची रवानगी सर्रास निवासी उपचार केंद्रात व्हायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर काउंटीनं बालकल्याण, बालन्याय आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) यांचा पैसा एका तिजोरीत आणला. निवासी केंद्राचं भरमसाट बिल तिच्यातूनच जाणार आणि घरी येणाऱ्या समुपदेशकाची फीसुद्धा. ‘मॅनेज्ड केअर’, म्हणजे खर्चावर लक्ष ठेवून उपचार मंजूर करण्याची अशी पद्धत, म्हटलं की अमेरिकेत लोकांना विमा कंपनीचा नकार आठवतो, आणि ते उगाच नाही. इथे मात्र तीच काटकसर मुलाला घरी ठेवण्याच्या बाजूनं उभी राहते. २००९ मध्ये हार्वर्डच्या केनेडी स्कूलनं या योजनेला पुरस्कार दिला, तो बहुधा या हिशेबाच्या उलटापालटीसाठीच असावा.

दुपारी १. गाडीतच सँडविच. मग संगणकावर पुढच्या महिन्याच्या सेवांची मंजुरी. कंटाळवाणं काम, पण ते राहिलं तर कुणीच दारात येत नाही.

४. घरची बैठक. मुलाच्या मदतीच्या चमूत कोण असावं, यात घरच्यांचा शब्द मोठा. म्हणून प्रोबेशन अधिकाऱ्याशेजारी आजी बसते, शिक्षिकेशेजारी बास्केटबॉलचा प्रशिक्षक. पहिला प्रश्न आजाराचा नसतो. पोराला काय चांगलं जमतं? आजी म्हणते, “सायकल खोलून पुन्हा जोडतो.” मुलगा मान वर करतो. आईला विचारतात, सगळ्यात आधी काय हवं? “शनिवारी दोन तास झोप.” थेरपीच्या आधी तेच आराखड्यात लिहिलं जातं: त्या वेळी मुलाला सांभाळायला माणूस. मग संकटाची योजना. तो भडकला की आधी कुणाला फोन, आणि काय अजिबात बोलायचं नाही. या दुसऱ्या यादीवरच जास्त वेळ जातो, कारण ती मुलगा स्वतः सांगतो.

७. मुलासोबत वेळ घालवणारा मार्गदर्शक उद्या येणार नसल्याचा निरोप. सेवा देणाऱ्या संस्थांच्या यादीतून बदली माणूस शोधायचा, तोही सायकलीतलं काही कळणारा.