खेळाच्या पेटीतील पुढची चिप

परवा आमच्या इंदूरच्या जेल रोडवर प्रयोगशाळेसाठी सुटे भाग घेत असताना एक विद्यार्थी भेटला. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या त्या मुलाने तिथे एकदम विचारले, "सर, प्लेस्टेशन आत्ता घेऊन टाकू, की थांबू? नव्या चिपवालं आलं की जुनं स्वस्त होईल ना?" प्रश्न पैशाचा होता, पण त्याचे उत्तर अर्धसंवाहकांच्या शास्त्रात दडलेले आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

त्याची समजूत निराधार म्हणता येणार नाही. कित्येक वर्षे तसेच होत आले. १९८३ साली जपानात निघालेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'मध्ये निरनिराळ्या चिपा होत्या. पुढे त्या सगळ्या सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर मावल्या. टीव्हीला जोडायचे त्याचे जे स्वस्त अवतार आपल्याकडे घरोघरी आले, त्यांतील अनेकांचे पोट उघडले की डांबरासारखा एक काळा थेंब दिसे. त्या थेंबाखाली सारे यंत्र! प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला निघाले, २००९ मध्ये ते ९९ डॉलरला मिळू लागले.

प्लेस्टेशन ५ ने मात्र हा पायंडा मोडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते भारतात ४९,९९० रुपयांना आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांवर गेले. गंमत अशी की, त्याच वर्षी त्यातील चिप ७ नॅनोमीटरच्या पद्धतीवरून ६ नॅनोमीटरच्या पद्धतीवर गेली. तिचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस मिलिमीटरवरून २६० च्या आसपास आले. चिप आकसली, किंमत फुगली. (हे नॅनोमीटरचे आकडे आता निव्वळ पिढ्यांची नावे आहेत. नेमके त्या मापाचे चिपमध्ये काही शोधू जाल तर सापडणार नाही.)

असे का व्हावे? महागाई, डॉलरचा भाव ही कारणे आहेतच. परंतु मूळ कारण चिपच्या जन्मातच आहे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर शेकडो चिपा एकदम घडवतात. गच्चीवर पापड वाळत घातले आणि दहा ठिकाणी कावळ्यांनी घाण केली, तर दोनशे लहान पापडांतले दहा जातील. पण तेवढ्याच जागेत चाळीस मोठे पापड असतील तर त्यांतलेही दहाच जातील. चिपचे तसेच आहे. म्हणून कारखानदार काही भाग जादा ठेवतात. प्लेस्टेशन ५ च्या चिपवर चित्र काढणारे ४० कक्ष आहेत, चालू असतात ३६. चार बिघडले तरी चिप फेकावी लागत नाही.

आकार आणखी लहान करायचा तर १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो मिळवण्यासाठी वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला पन्नास हजार वेळा लेसरचा मारा करतात. हा प्रकाश काचेतून जात नाही. त्याला मॉलिब्डेनम व सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म थरांचे आरसे लागतात. (आमच्या इंदूरलाच, राजा रामण्णा केंद्रातील 'इंडस-१' या यंत्राच्या किरणांनी असल्या बहुस्तरी आरशांची पारख झाली आहे, हे विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसते.) एक आरसा जेमतेम सत्तर टक्के प्रकाश परतवतो. दहा आरसे ओलांडेपर्यंत शंभरातले तीनच उरतात! अशी यंत्रे जगात नेदरलँड्समधील एकच कंपनी बनवते. मग चकती स्वस्त कशी पडावी? त्यातून चिपवरील स्मृतीचे घर आकसायचेच जवळजवळ थांबले आहे. तैवानच्या प्रमुख कारखान्याच्या ५ नॅनोमीटर पिढीत ते ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होते, ३ नॅनोमीटर पिढीच्या सुधारित आवृत्तीतही तेवढेच राहिले.

तेव्हा पुढची चिप केवळ 'जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेग' अशी असणार नाही. ती कमी मोजेल आणि उरलेले ताडेल. ४-के चित्रात ८२,९४,४०० बिंदू असतात. त्याच्या चौथ्या हिश्शाचे, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचे चित्र काढून बाकीचे शिकवलेल्या गणितीय जाळ्याकडून भरून घ्यायचे. ठिपके पाहताच सरावलेल्या हाताला पूर्ण रांगोळी दिसते, तसेच हे. नोव्हेंबर २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये ही युक्ती आली. (ते यंत्र तेव्हा भारतात आले नाही, कारण त्यातील बिनतारी जोडणीची ६ गिगाहर्ट्झची पट्टी आपल्याकडे खुली नव्हती. चिप तयार असून भागत नाही!)

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक ह्युएन यांनी पुढच्या आखणीतल्या तीन गोष्टी सांगितल्या. ताडण्याच्या कामासाठी कक्षांनी गट करून राबायचे, प्रकाशकिरणांचा माग काढायला वेगळे विभाग ठेवायचे, आणि स्मृतीकडे जाणारी-येणारी सर्व माहिती दाबून लहान करायची. मला तिसरी सर्वांत महत्त्वाची वाटते. प्लेस्टेशन ५ मध्ये स्मृतीचा रस्ता सेकंदाला ४४८ गिगाबाइटचा आहे. तो रुंद करणे महाग, गाठोडी लहान करणे स्वस्त. अर्थात हे सारे तेव्हा संगणकावरील अनुकरणातच होते, हे सर्नी यांनीच सांगितले. माझा अंदाज असा की, चिप ३ नॅनोमीटर पिढीची असेल, २०२७ च्या अखेरीपूर्वी ती काही येत नाही, आणि स्वस्त तर नाहीच. कारण २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढवल्यामुळे स्मृतीच्या चिपांचेही भाव चढले.

त्या मुलाला मी एवढेच म्हटले, "खेळायचे असेल तर घे. स्वस्त होईल म्हणून थांबू नकोस." तो खूश झाला. मग जरा चाचरत म्हणाला, "सर, हेच बाबांना फोनवर सांगाल का?"