गाविलगड विभंग

गाविलगड विभंग : वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर सातपुड्याचे गाविलगड डोंगर व पूर्णा नदीचे मैदान यांच्या दरम्यान स्थूलमानाने पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य दिशेने गेलेला विभंग (खडकांतील अशी भेग, की जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या सापेक्ष सरकलेले असतात). अकोट वा परतवाडा येथून उत्तरेस पाहिल्यास मैदान संपते तेथेच डोंगर एकदम उभा राहिलेला दिसतो. अकोट परिसरातील मैदान समुद्रसपाटीपासून सु. ३०० मी., तर चिखलदरा सु. १,१०० मी. उंचीवर आहे. दोन्हीकडील खडक मात्र सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दक्षिण ट्रॅपचा बेसाल्टच होय. डोंगरात तो उंचावर उघडा पडला आहे, तर मैदानात शेकडो मीटर गाळाखाली गाडला गेला आहे. उंचीतील या फरकाचा काही भाग झिजेमुळे उत्पन्न झालेला असला, तरी सर्वच फरक झिजेने स्पष्ट होत नाही.

तापी-पूर्णा खोऱ्याला जुन्या वर्णनांत खचदरी म्हटलेले आढळते. जमीन ताणली जाऊन दक्षिणेकडील भाग खाली गेला असेल, तर विभंगतल मैदानाच्या दिशेने उतरते असावयास हवे. उलट, दाबामुळे उत्तरेकडील खंड दक्षिणेकडील खंडावर चढला असेल, तर ते डोंगराखाली उतरते असावयास हवे. या दुसऱ्या प्रकाराला व्युत्क्रम विभंग आणि विभंगतलाचा उतार कमी असल्यास प्रणोद विभंग म्हणतात. दोन्ही प्रकारांत पृष्ठभागावरील देखावा सारखाच असतो व पायथ्याचे विभंगतल डबराखाली झाकलेले असते. त्यामुळे निर्णय अप्रत्यक्ष पुराव्यावर अवलंबून राहतो.

पुनर्रचनेची रीत तत्त्वतः सोपी आहे. थर मुळात जवळजवळ आडवे साचतात असे गृहीत धरून आजचे तुटलेले व कललेले थर कागदावर मागे सरकवून जुळवावयाचे. जुळणी करताना थरांची लांबी वाढता अगर घटता कामा नये. तशी ती बदलत असेल, तर विभंगतलाचा कल्पिलेला आकार चुकीचा ठरतो.

गाविलगडच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा बेसाल्टाखालील खडकांचा आहे. सालबर्डी, बैरम व बेलखेड या परिसरांत पायथ्याजवळ गोंडवनी वालुकाश्म व लॅमेटा थर उघडे पडलेले आहेत. सालबर्डीच्या लॅमेटा थरांत डायनोसॉरांचे जीवाश्मही मिळाले आहेत. गाळाचे जाड थर सखल द्रोणीतच साचतात. म्हणजे आज उंचावलेली ही बाजू मध्यजीव महाकल्पात खचत होती. यावरून हाच विभंग प्रथम ताणाने सरकला व पुढे दाबाखाली उलट दिशेने सरकू लागला, असे अनुमान निघते. हिमालयात मुख्य मध्य, मुख्य सीमा व हिमालयीन अग्र हे प्रणोद विभंग क्रमाने दक्षिणेकडे नवे होत गेले आहेत. वऱ्हाडात नवी भेग पडण्याऐवजी जुनीच कामी आली. दाबाचा उगम मात्र एकच, म्हणजे भारतीय भूपट्ट व तिबेटचे पठार यांमधील रेटा, असे मानले जाते.

ही हालचाल थांबलेली नाही. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी पायथ्याशी गोटे व वाळू पसरून पंख्यासारखे निक्षेप बनविले आहेत. ॲलेक्स कॉप्ली व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या सीमेवरील तापी विभंगाने असे काही पंखे अभिनव काळात, म्हणजे गेल्या सु. ११ हजार वर्षांत, छेदले आहेत. एका वा अनेक भूकंपांत हे घडले असावे व त्यांची महत्ता ७.६ ते ८.४ असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. विभंगाखालचा खंड खचत गेल्याने नद्यांचे वळण बदलून तापीचे पश्चिमवाहिनी खोरे विस्तारले असावे, असेही त्यांनी सुचविले आहे. पूर्णेच्या जाड गाळाचा उलगडा त्यातून होतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा याच गाळाच्या प्रदेशात मोडतो. पायथ्याच्या गोट्यावाळूच्या पट्ट्यात मात्र विहिरींना गोडे पाणी लागते.

सातपुड्याच्या प्रदेशात १४ मार्च १९३८ रोजी ६.३ महत्तेचा भूकंप झाला होता. २२ मे १९९७ रोजीचा जबलपूरचा भूकंप (महत्ता ५.८) सु. ३५ किमी. खोलीवर व्युत्क्रम विभंगावरच उद्‌भवला होता. मोठ्या भूकंपांमधील अंतर हजारो वर्षांचे असल्यास त्यांची नोंद बखरींत वा लोकस्मृतीत उरत नाही. कॉप्ली यांच्या अभ्यासात छेदलेल्या पंख्यांच्या पूर्वेस विभंगाचा जो भाग पुढे जातो, तो मध्य भारतातील भूकंपाच्या दृष्टीने धोक्याचा गणला आहे.