पातागोनियाचा प्रवास : पूर्वतयारी आणि वारा

दक्षिण अमेरिकेचे निमुळते टोक जेथे संपत येते, त्या भूप्रदेशास पातागोनिया म्हणतात. चिली आणि अर्जेंटिना या दोन राष्ट्रांत तो विभागलेला आहे. चिलीतील तोरेस देल पाइने या राष्ट्रीय उद्यानातील ग्रॅनाइटचे तीन सुळके आणि त्यांच्या पाठीमागचे अफाट हिमक्षेत्र पाहण्यासाठी दरवर्षी दूरदूरचे साहसप्रिय प्रवासी तेथे जातात. असा बेत आखणारा मनुष्य प्रथम नकाशावरील उंचीचे आकडे पाहतो, आणि तेथेच त्याची फसगत होण्याचा संभव असतो. पाइने समूहातील सर्वोच्च शिखरही २,९०० मीटरांच्या आत आहे. पायवाटेवरील सर्वांत उंच खिंड सुमारे १,२०० मीटरांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही बरीच खाली आहे. विरळ हवेचा त्रास येथे होत नाही. येथे माणसाची परीक्षा पाहतो तो वारा.

दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान जमीन फारच थोडी आहे. पश्चिमेकडून वाहणारे वारे समुद्रावरून अखंड धावत येतात आणि आन्देस पर्वताच्या दक्षिण टोकावर आदळतात. पुढे जे घडते, ते सह्याद्रीच्या परिचितास नवे वाटणार नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणात व घाटमाथ्यावर रिते होऊन देशावर कोरडे उतरतात, तद्वत् हे वारेही पश्चिम उतारावर आपले ओझे टाकतात. मात्र उंचावर पाण्याऐवजी हिम पडते. वर्षानुवर्षे साचलेल्या थरांच्या दाबाने त्या हिमाचे घट्ट बर्फ होते. अशा रीतीने तेथे सुमारे ३५० किलोमीटर लांबीचे हिमक्षेत्र तयार झाले असून, त्यातून हिमनद्या दोन्ही अंगांना उतरतात. पर्वताच्या पूर्वेस अर्जेंटिनात असलेल्या एल कालाफाते गावी मात्र वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटरच पाऊस पडतो.

तेथील ऋतू उत्तर गोलार्धाच्या उलट असतात. डिसेंबर-जानेवारी हा तेथील उन्हाळा. त्या दिवसांत सोळा तासांहून अधिक उजेड असतो, म्हणून बहुतेक प्रवासी तेव्हाच जातात. परंतु वाऱ्याचा जोरही याच काळात अधिक असतो. ताशी १०० किलोमीटरांहून वेगवान झोत येथे अपूर्वाईचे नाहीत. मार्चअखेरीस दिवस लहान होतात, थंडी वाढते, पण वारा बहुधा मवाळ होतो आणि लेंगा वृक्षांची पाने तांबडी होऊ लागतात.

पुंता आरेनास शहरातून सुमारे २५० किलोमीटरांवरील पुएर्तो नातालेस गावी मोटारीने जाता येते. तेथून उद्यान सुमारे ११० किलोमीटर आहे. उद्यानातील धाकट्या वाटेस चार-पाच दिवस लागतात, तर संपूर्ण पर्वतसमूहाच्या प्रदक्षिणेस आठ-नऊ. नेमलेल्या तळांखेरीज कोठेही तंबू ठोकण्यास मनाई असल्याने प्रत्येक रात्रीची जागा आधीच राखून ठेवावी लागते. बेताचे मर्म येथेच आहे. अमुक रात्री अमुक तळावर पोहोचलेच पाहिजे, असे एकदा ठरले की आकाश काळवंडलेले दिसत असूनही पाय पुढे पडू लागतात. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर, जॉन गार्डनर खिंडीच्या परिसरात, हिमवादळात सापडून पाच परदेशी प्रवासी मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर हा प्रवासाच्या हंगामातलाच महिना, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

म्हणून पाच दिवसांच्या वाटेसाठी निदान सात दिवस हाताशी असावेत, आणि परतीच्या विमानाची तिथी त्यानंतरची असावी. खिंड चढण्यापूर्वी उद्यानाच्या रक्षकांकडे हवामानाची चौकशी करावी. अंगालगत सुती वस्त्र नसावे. ते भिजले की लवकर वाळत नाही आणि देहाची ऊब हिरावून घेते. लोकरीची वा तत्सम वस्त्रे, त्यांवर वारा व पाणी अडवणारा अंगरखा, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत, एवढे हवेच. छत्री निरुपयोगी होय. उघड्यावर विस्तव पेटविणे सर्वथा निषिद्ध आहे, कारण ज्या वाऱ्याने माणूस कोलमडतो, तोच ठिणगीचा वणवा करतो. २०११ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत या उद्यानातील १७,००० हेक्टरांच्या आसपास भूमी होरपळली. हिमनदीवर पाऊल टाकावयाचे तर वाटाड्यासमवेतच. ताज्या हिमाखाली झाकलेल्या भेगा अनोळखी डोळ्यांस दिसत नाहीत.

राखून ठेवलेले दिवस हवा चांगली लाभल्यास वाया जातील, ही भीतीही अनाठायी आहे. एल कालाफातेपासून सुमारे ८० किलोमीटरांवर पेरितो मोरेनो ही हिमनदी सरोवरात उतरते. तिची दर्शनी भिंत सुमारे पाच किलोमीटर रुंद असून, समोरच्या तीरावर बांधलेल्या मार्गिकांवरून ती निर्धोकपणे पाहता येते. कधीकधी हिमनदी पुढे सरकून सरोवराचा एक फाटा अडवते, तुंबलेले पाणी चढत जाते आणि अखेर तो बर्फाचा बांध फोडते. २००४ व २०१८ च्या मार्च महिन्यांत असे घडले. एरवीही भिंतीचे कडे सुटून पाण्यात कोसळतात, आणि त्याचा गडगडाट तीरावर ऐकू येतो. तो केव्हा होईल याचा नेम नसतो. ज्याच्या गाठी एखादा मोकळा दिवस आहे, त्याला तेथे स्वस्थ बसून त्याची वाट पाहता येते.