डहाणूच्या पाड्यांवरच्या दोन प्रकारच्या अंगणवाड्या

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी गावात थाटली, पण वारली आदिवासींची मुलं तिकडे फिरकेनात. थोरलं भावंड गुरांमागे, मधली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी, आईबाप मजुरीला. मग बालवाडीच पाड्यावर गेली आणि अंगणवाडी झाली.

कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, नाकं पुसायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीचं महागडं साहित्य इथे आणणार कोण? त्याची जागा शिंपले, बिया, खडे आणि पानांनी घेतली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली होती. त्यामुळे धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीला त्याला पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसता येई.

सरकारी अंगणवाडी आली ती वेगळ्या चिंतेतून. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा तिच्या सहा सेवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा आहाराचा हिशेब बरीच वर्षं ठरलेला होता. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळीही मिळतात.

कुपोषणाच्या बातम्यांनी वर्षानुवर्षं गाजलेल्या या पट्ट्यात त्या ताटाचं मोल मोठं आहे. पण वजन मोजता येतं, ताटं मोजता येतात. मूल बियांची रांग कशी लावतं, हे रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात भरायचं? म्हणून दोन अंगणवाड्यांची तुलना करायची तर वजनाचा तक्ता पाहावाच, शिवाय खिचडीच्या आधीचा तासही पाहावा. मुलांच्या हाताला काही लागतं का, की खेळणी कपाटात कुलूपबंद आहेत? सेविका वारलीतून बोलते का? मदतनीस आहे, की स्वयंपाक आणि शिकवणं एकीच्याच गळ्यात पडलंय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आणला आणि सेविकांना बालशिक्षणाचं प्रशिक्षण सुरू झालं. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. गृहभेटी, लसीकरणासाठी मुलं गोळा करणं, पोषण ट्रॅकर या अॅपवरच्या नोंदी ही कामं त्यांच्याकडे आधीपासून होतीच. कोसबाडच्या पद्धतीने शिकवायला दिवसातला कोणता वेळ मोकळा ठेवायचा, हे ठरवताना यातलं कोणतं काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं, तेही ठरवावं लागेल.