सेक्टर 43 च्या बसस्टँडवर सुरू होणारं शिक्षण

शिकायला परदेशी जायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे विमान, व्हिसा आणि बर्फ येतो. पण लातूरच्या किंवा सांगलीच्या मुलीला चंडीगडच्या पीजीआयमध्ये, पंजाब विद्यापीठात, पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात नाहीतर शेजारच्या मोहालीत आयसरमध्ये प्रवेश मिळाला, की पासपोर्ट न काढताही ती परमुलखातच जाते. भाषा वेगळी, लिपी वेगळी, हवा वेगळी आणि ताटही वेगळं. तुमच्या घरातून कुणी असं निघालं असेल, तर फीच्या पावत्या आणि हॉस्टेलचे फॉर्म यांच्यापलीकडचंही थोडं माहीत असू द्या.

पाटी वाचता आली पाहिजे

चंडीगडमध्ये पत्ता म्हणजे गल्लीचं नाव नव्हे, तर आकडा. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराच्या आराखड्यावर हे शहर सेक्टरांमध्ये वसलं. एक सेक्टर साधारण 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब. विद्यापीठ सेक्टर 14 मध्ये, पीजीआय सेक्टर 12 मध्ये. आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी सतत असणारा आकडा म्हणजे 43. इथल्या आंतरराज्य बसस्थानकातून मुख्यतः पंजाब, हिमाचल आणि जम्मूकडच्या गाड्या सुटतात. सुट्टी मिळाली की मुलं इथूनच सिमल्याला जातात, अमृतसरला जातात.

नव्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षाही इथेच होते. पंजाबच्या बसवरची पाटी बहुधा गुरुमुखीत असते. अक्षरं ओळखीची वाटतात, पण फसवतात. आपल्या 'म'सारखं दिसणारं अक्षर तिथे 'स' असतं. मूळ अक्षरं पस्तीस, म्हणून या वर्णमालेला 'पैंती' म्हणतात. रोज पाच अक्षरं गिरवली, तर आठवडाभरात पाटी वाचता येऊ लागते. कंडक्टरला विचारत फिरणं आणि स्वतः वाचून गाडीत चढणं, यात एकट्या राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने फार अंतर आहे.

'आहो' म्हणजे हो

भाषेच्या गमती पहिल्याच दिवशी सुरू होतात. पंजाबीत 'आहो' म्हणजे 'हो'. शेजारचा मुलगा फोनवर 'आहो, आहो' म्हणत असेल, तर तो कुणाला हाक मारत नाही, नुसता होकार देतोय. माळवा भागातल्या पंजाबीत 'बाई' म्हणजे भाऊ, मित्र. तेव्हा वर्गातल्या दाढीवाल्या सरदार मुलाला कुणी 'बाई जी' म्हटलं, तर हसू आवरायचं.

पण खरी मौज पुढे आहे. हिंदीत 'पानी' म्हणताना आपली जीभ अडखळते. पंजाबी माणूस मात्र आपल्यासारखंच 'पाणी' म्हणतो. हिंदीतला 'काला' पंजाबी उच्चारात 'काळा' होतो आणि 'कौन'चा 'कौण' होतो. हिंदीने टाकलेले 'ण' आणि 'ळ' इतक्या दूर उत्तरेत भेटतात. मुलांना हे कळलं, की पंजाबी शिकण्याची भीती निम्मी होते.

थंडी, खोली आणि घरमालकीण

महाराष्ट्रातल्या मुलाला स्वेटर म्हणजे कधीतरी घालायची वस्तू वाटते. चंडीगडला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, धुकं दिवसभर हटत नाही आणि गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात. मे-जूनमध्ये हाच पारा चाळिशी ओलांडतो. घरून जाड कपड्यांचं ओझं पाठवू नका. रजाई, लोकरी मोजे आणि गरम कपडे तिथल्या बाजारात तिथल्या थंडीच्या मापाचे मिळतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगा: बंद खोलीत कोळशाची शेगडी, म्हणजे तिथली 'अंगीठी', पेटवून झोपायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

हॉस्टेल मिळालं नाही, तर मुलं घरगुती 'पीजी'त राहतात. पंजाबातून इतकी मुलं कॅनडाला आणि ऑस्ट्रेलियाला गेली आहेत, की बऱ्याच घरांत वरच्या मजल्यावरची खोली रिकामी असते. तुमची मुलगी ज्या खोलीत राहील, तिथे कदाचित एखाद्या आईचा मुलगा वाढलेला असेल आणि आता तो टोरांटोत भाड्याच्या खोलीत राहत असेल. म्हणून घरमालकीण 'पुत्तर, रोटी खाधी?' असं विचारते, तेव्हा तो नुसता उपचार नसतो. घरमालकिणीशी तुम्हीही एकदा फोनवर बोला. मोडक्या हिंदीत बोललात तरी चालेल. दोन्ही आयांची काळजी एकच असते.

भाकरीची बहीण

पहिल्या महिन्यात मुलं वरणभाताच्या आठवणीने कासावीस होतात. मेसमध्ये राजमा-चावल, भजी घातलेली कढी, सकाळी लोणी लावलेला पराठा. चव चांगली असते, पण ती 'आपली' नसते. अशा वेळी घरून नुसता चिवडा पाठवण्यापेक्षा गोडा मसाल्याची आणि मेतकुटाची छोटी पुडी पाठवा. तिथल्या डाळीत चमचाभर मसाला पडला, तरी घर आठवतं.

हिवाळा आला की मात्र ओळख पटते. मक्याच्या पिठाचा गोळा हातावर थापून केलेली 'मक्की दी रोटी' ही आपल्या भाकरीची बहीणच. सोबत मोहरीच्या पाल्याचं साग आणि गूळ. 13 जानेवारीला लोहडीची शेकोटी पेटते, रेवडी आणि शेंगदाणे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी आपली संक्रांत. तीळ आणि गूळ दोन्हीकडे तेच. तुम्ही पाठवलेला तिळगूळ मुलीने घरमालकिणीच्या हातावर ठेवला, की त्याचं निम्मं भाषांतर झालेलंच असतं.

पंगत, आणि नामदेव

गुरुद्वारात डोकं झाकून, पादत्राणं काढून जायचं आणि लंगरला सगळ्यांबरोबर जमिनीवर बसायचं. त्या रांगेला पंजाबीतही 'पंगत' म्हणतात. पंगतीत पोळी ओंजळीत घ्यायची, मागाल तेवढं मिळतं, पण ताटात टाकायचं नाही. प्राध्यापक, रिक्षावाला आणि नवखा विद्यार्थी शेजारी शेजारी जेवतात आणि वाटलं तर नंतर भांडी घासायला बसतात. महिनाअखेरी खिसा रिकामा झालेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना या पंगतीने सांभाळलं आहे.

आणि मग एखाद्या शनिवारी सेक्टर 43 मधून अमृतसरकडची बस पकडावी आणि वाट बदलून गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला जावं. संत नामदेवांनी आयुष्याची बरीच वर्षं इथे काढली, अशी पंजाबची श्रद्धा आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत आणि त्यांत आपला विठ्ठल 'बीठल' होऊन भेटतो. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, इथे मोठा मेळा भरतो. 2015 च्या एप्रिलमध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी झालं. आपण ज्यांना पंढरपूरच्या पायरीशी पाहतो, त्यांना इथला शेतकरी 'बाबा नामदेवजी' म्हणून आपला मानतो. उलट, गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला तो आपल्या नांदेडला, आणि त्यामुळे महाराष्ट्राचं नाव घेताच अनेक पंजाबी घरांत 'हजूर साहिब' असा उच्चार होतो. म्हणजे ओळख आधीपासून होतीच, फक्त मुलांना ती माहीत नव्हती.

फोनवर काय विचाराल?

मे 2025 मध्ये सीमेवर संघर्ष पेटला, तेव्हा चंडीगडमध्ये भोंगे वाजले, रात्री दिवे बंद झाले आणि शाळा-कॉलेजं बंद ठेवावी लागली. तिथे मुलं असलेल्या मराठी घरांत कुणाला झोप लागली असेल? अशा वेळी पंधराशे किलोमीटरवरच्या आईबाबांपेक्षा हाकेच्या अंतरावरची माणसं कामाला येतात, आणि ती एका दिवसात जोडता येत नाहीत.

म्हणून आठवड्याच्या फोनवर 'मार्क किती?' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, खोलीत थंडी वाजते का, जेवायला कुणाबरोबर बसलीस, या आठवड्यात पंजाबीतला कुठला नवा शब्द शिकलीस, शेजारच्या कुणाचं नाव कळलं. घरमालकीण, एक वर्गमैत्रीण आणि एक शिक्षक, असे तीन नंबर तुमच्याकडेही लिहून ठेवा. मराठी मुलांचा गट हवाच, पण सगळी संध्याकाळ त्याच गटात गेली, तर चार वर्षांनी मुलगी फक्त पदवी घेऊन परत येईल. एखाद्या दिवशी फोनवर तुमच्या प्रश्नाला तिने चुकून 'आहो' असं उत्तर दिलं, तर समजा, तिचं तिथे बस्तान बसलं.