दहा राग आणि डिस्कोचा ठेका

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांचे नाव रसिकांच्या ओठी कधी आले नाही. पडद्यामागच्या वादकांचे नशीबच तसे! १९८२ साली मुंबईत त्यांनी सिंथेसायझरवर ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. साथीला जपानी रोलंड टीबी-३०३ हे यंत्र. मींड घ्यावी तसे स्वरावरून स्वरावर घसरणारे. तबकडी फारशी खपली नाही.

१९८७ साली शिकागोत याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीत घडले. २०१० साली ती जुनी तबकडी हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक थक्क झाले. सत्तरी ओलांडलेल्या चरणजितांनी युरोपात मैफली केल्या. २०१५ साली ते गेले. दाद मिळाली, पण २८ वर्षांनी आणि परक्यांकडून. आपले कान तेव्हा कुठे होते?