सहा बाजूंची चिंधी

भात झोडून झालं, पेंढा रचला, की मुरबाड-शहापूरकडच्या बायकांच्या हाताला जरा सवड मिळते. मग सारवलेल्या अंगणात जुनं लुगडं अंथरलं जातं, त्यावर जुनेरांचे थर चढतात आणि दोघीतिघी चहूबाजूंनी बसून गोधडीला धावदोरा घालू लागतात. या गोधडीत तुकडा असेल तसा बसतो. लांबोडा, तिरपा, खिशाच्या आकाराचा, कसाही. पण तळहाताहून लहान चिंधीला तिथेही फारसं कुणी विचारत नाही. ब्लाउज बेतल्यावर बगलेजवळ उरणारं कातरण चुलीत तरी जातं, नाहीतर उकिरड्यावर. षटकोनी ठिगळकाम मी शिकायला बसले ते या कातरणासाठी.

सरळगावहून किन्हवलीकडे जाणारा रस्ता मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके जोडतो. त्या बाजूच्या एका गावात बचतगटाच्या बायका हे काम करतात. शिकवणाऱ्या मावशींनी सुई हातात दिलीच नाही. आधी चिंध्यांचं गाठोडं निवडायला बसवलं. सुती एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. कापडाला घडी घालून नखाने दाबायचं. सुती कापड घडी धरतं, पॉलिएस्टर लगेच उलगडतं. तरीही शंका राहिली तर धागा पेटवून पाहायचा. सुताची राख बोटांत चुरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गावच्या टेलरकडच्या कातरणांत सुती तुकडे आता कमीच निघतात. जुनी सुती पातळं आणि लहान मुलांची झबली म्हणून तर इथे जपून ठेवलेली असतात.

साचे लग्नपत्रिकांचे. लग्नसराईत घरोघर साठणारा तो जाड कागद या कामाला फार चांगला. बाजू बरोबर एक इंच. सगळे साचे एकाच मूळ साच्यावरून कापायचे, कापलेल्यावरून पुन्हा नाही, कारण केसाएवढी वाढ दर वेळी पुढे जाते. कापड साच्यापेक्षा चहूबाजूंनी पाव इंच मोठं कापायचं, म्हणजे पावणेतीन इंचांचा चौकोनी तुकडा असला तरी पुरतो. मग एकेक कड कागदावर दुमडून कच्चा दोरा घालायचा.

कागद कशाला, हे मला सुई चालवतानाच उमगलं. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेलं कापड ताणत नाही, उरेब कापलेलं ताणतं. षटकोनाच्या दोन बाजू धाग्यात बसवल्या तरी उरलेल्या चार उरेबच येतात. कागद आत असेपर्यंत कापडाला सरकायला जागाच नाही. इंग्लंडमध्ये 1718 साल घातलेलं एक रेशमी पांघरूण जपलेलं आहे. त्यातले तुकडे निराळ्या आकारांचे, पण रीत हीच, आणि शिवताना घातलेले कागद अजून त्याच्या पोटात आहेत. अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने 1835 मध्ये षटकोनी ठिगळकामाचा नमुना छापला होता.

दोन षटकोन सुलट बाजूने समोरासमोर धरायचे आणि काठाला काठ शिवायचा. सुईने घडीच्या टोकाचे दोन-तीन धागेच उचलायचे. कागद टोचला गेला तर सुईच सांगते, ती अडते. “बाय, कोपऱ्यात घाई करू नको,” मावशी म्हणायच्या. कोपऱ्यात तीन षटकोन भेटतात. प्रत्येकाचा कोन 120 अंशांचा, तिघांचे मिळून 360, म्हणून तिथे फट राहायला नको. राहिली, तर टाका ओढून ती झाकायची नाही, टाका उसवायचा. मधल्या एकाभोवती सहा बसले की फूल होतं. पुढच्या फेरीला बारा लागतात, त्यापुढच्या फेरीला अठरा.

पाच फूट बाय साडेसात फूट पांघरुणाला असे दोन हजारांहून जास्त षटकोन लागतात. प्रत्येक शिवण दोघांत वाटली जाते, तरी सगळी मिळून पाचशे फुटांच्या पुढे जाते, आणि इंचाला बारा-तेरा टाके धरले तर पाऊण लाखाच्या आसपास टाके. हे आकडे मी मुद्दाम मांडते. असं पांघरूण हातात घेऊन ‘चिंध्यांचंच तर आहे’ म्हणत भाव पाडणाऱ्याला कापडाची किंमत दिसते, हाताची दिसत नाही. मला हा थेट अन्याय वाटतो.

या कामाला अंगण लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला जायचं तर एसटी. धक्क्यांच्या रस्त्यावर सुई चालत नाही, पण स्टँडवर गाडीची वाट पाहताना पिशवीतून चार षटकोन काढून जोडता येतात. आवणीच्या दिवसांत बाहेर पाऊस कोसळत असताना गोधडी अंथरायला कोरडी जागा नसते. मांडीवरचं फूल तेव्हाही पुढे सरकतं.

सहाही बाजू जोडल्या गेल्या की कच्चा दोरा ओढून साचा काढायचा. तोच पुन्हा वापरता येतो. मात्र कडेच्या रांगेतले कागद शेवटपर्यंत ठेवायचे. कागद निघाल्यावर हाती येतं ते एकपदरी, हलकं कापड. त्याला ऊब नाही, दातेरी कडेला आधार नाही. त्याखाली जुन्या नऊवारीचे थर येतात, दातेरी कड खालच्या कापडावर दुमडून शिवली जाते. इथून पुढे मावशी साचा, पट्टी, पेन्सिल सगळं बाजूला ठेवतात. लांब धाग्याची सुई घेऊन, कुठलीही रेघ न आखता, काठाकडून आत अशी गोधडीची शिवण घालू लागतात, आणि शेजारच्या काकूंना समोरच्या बाजूला बसायला सांगतात.